वाळूचा लिलाव, विहिरीचा तळ

महाराष्ट्रात वाळूचा विषय निघाला की सारी चर्चा एकाच शब्दापाशी येऊन थांबते : अवैध. अवैध उपसा, अवैध वाहतूक, अवैध साठा. रात्री हायवा पकडला, ट्रॅक्टर तहसील कार्यालयाच्या आवारात आणून लावला, नदीतले तराफे जाळले, दंडाची नोटीस निघाली, अशा बातम्या नित्य वाचून वाचकाची समजूत होते की चोरी थांबली म्हणजे नदी वाचली. सत्ताधाऱ्यांना ही समजूत फार सोयीची आहे. कारण तिच्या पोटात एक गृहीतक दडलेले असते : परवाना घेऊन, स्वामित्वधन भरून, दिवसाउजेडी जी वाळू काढली जाते तिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. परंतु ओढ्याच्या तळाला पावती वाचता येत नाही. चोरून नेलेला ब्रास आणि लिलावात घेतलेला ब्रास यांत विहिरीच्या दृष्टीने काडीचाही फरक नसतो. चोर तिजोरीला बुडवतो हे खरे. पण सरकार स्वतः जेव्हा वाळू विकते तेव्हा ते काय विकत असते, कोणाच्या मालकीचे विकत असते, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न कोणी विचारायचा?

हा प्रश्न मोठ्या नद्यांच्या काठी उभे राहून विचारण्यापेक्षा हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा आणि त्याच्या आसपासच्या शिवारांत उभे राहून विचारणे अधिक उचित होईल. तालुक्याच्या सरहद्दीवरून पैनगंगा वाहते. हिंगोलीकडून येणारी कयाधू तिला मिळते. बाकी सारे ओढे आणि नाले. केळी, ऊस, हळद ही या पट्ट्यातली नगदी पिके. ज्याच्या शेताला इसापूर प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी पोहोचते त्याची गोष्ट वेगळी. ज्याला ते पोहोचत नाही तो विहिरीवर जगतो, आणि त्याची विहीर जवळच्या ओढ्यावर जगते. गोदावरीच्या घाटावर निदान पोलिसांची आणि पत्रकारांची नजर असते. लहान ओढ्यावर कोणाचीच नसते. तेथे आठवड्याला चार ट्रॅक्टर वाळू गेली तर बातमी होत नाही. पाच वर्षांनी फक्त एवढे होते की मार्चपर्यंत पुरणारे पाणी जानेवारीत संपू लागते. मग दोष पावसाला दिला जातो.

वाळू आणि काळा पाषाण

मराठवाड्याचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडलेल्या काळ्या पाषाणावर वसला आहे. या पाषाणाचा स्वभाव ओळखल्याशिवाय येथील वाळूचा प्रश्न कळणार नाही. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात हिमालयातून दरवर्षी अपार वाळू येते आणि तेथे गाळाचे थर शेकडो मीटर खोल आहेत. दख्खनचा बेसाल्ट झिजला की त्याची मुख्यतः काळी चिकण माती होते. ग्रॅनाइटच्या मुलखात गारेच्या कणांची जशी वाळू होते तशी येथे होत नाही. येथील वाळू म्हणजे न कुजलेल्या पाषाणाचे बारीक खडे, गारगोट्या आणि इतर कठीण खनिजांचे कण. ती थोडी होते, सावकाश होते, आणि पुराने ओढ्याच्या वळणावळणावर थोडी थोडी साठते. शिवाय नद्यांवर धरणे आणि ओढ्यांवर बंधारे झाल्यापासून वरून येणारी वाळू भिंतींच्या मागे अडकते. ज्या मालाची आवक इतकी तुटपुंजी आहे, त्याचा उपसा मात्र नांदेड-हिंगोलीच्या बांधकामांच्या भुकेप्रमाणे ठरतो. हे उत्पन्न खाणे नसून सरळसरळ मुद्दल खाणे आहे.

आता या थोड्याशा वाळूचे काम पाहा. भूजलाच्या मोजमापासाठी देशभर जे निकष १९९७ पासून वापरात आले, त्यांत वाळूमिश्रित गाळाच्या थरातून त्याच्या घनफळाच्या सुमारे १६ टक्के पाणी मिळू शकते असे धरले आहे. झिजलेल्या, भेगाळलेल्या बेसाल्टसाठी हे प्रमाण सुमारे २ टक्के आहे. म्हणजे वाळूच्या एका घनमीटरात जेवढे उपयोगी पाणी मावते तेवढे साठवायला आठ घनमीटर खडक लागतो. ज्या मुलखात खडक कंजूष आहे, तेथे ओढ्यातील वाळू ही निसर्गाने बांधून दिलेली पाण्याची टाकी आहे. तिला सिमेंट लागत नाही, झाकण लागत नाही. उघड्या तलावातले पाणी उन्हाळ्यात डोळ्यांदेखत उडून जाते, वाळूच्या हात-दोन हात खाली गेलेले पाणी उन्हाला सहजी सापडत नाही. जुन्या पिढीतील बायाबापड्यांनी उन्हाळ्यात कोरड्या ओढ्यात झिरे खोदून हंडे भरले ते या टाकीच्या जोरावर. केनियाच्या किटुई भागात तर लोक कोरड्या नद्यांवर आडव्या भिंती घालून मुद्दाम वाळू अडवतात, हेतू हा की तिच्या पोटात पाणी राहावे. तिकडे वाळू साठवण्यासाठी श्रमदान होते, इकडे ती उचलण्यासाठी लिलाव होतो.

तथापि साठवण हा वाळूच्या कामाचा अर्धाच भाग झाला. ओढ्याचा तळ हा शिवारातील भूजलाचा उंबरा असतो. पावसाळ्यात मुरलेले पाणी उताराने हळूहळू ओढ्याकडे सरकते आणि तळाच्या पातळीला येऊन टेकते. उंबरा जितका उंच तितके पाणी आत थांबते. वाळू काढून तळ दीड मीटरने खाली नेला की उंबरा दीड मीटरने खाली गेला. काठाच्या विहिरींतले पाणी त्या नव्या पातळीकडे झिरपून वाहून जाऊ लागते. शेतकऱ्याने एक थेंब अधिक उपसला नाही तरी त्याची विहीर उतरते. आणि जेथे पूर्वी पुराचे पाणी वाळूतून गाळून, सावकाश, काठाच्या जमिनीत शिरत असे, तेथे आता उपशाने ढवळलेली चिकण माती खड्ड्याच्या तळाशी लिंपली जाते. वर पाणी साचलेले दिसते, पण खाली मुरत नाही. गावकरी म्हणतात, ओढा भरतो पण विहिरीला पाणी येत नाही. त्यात चमत्कार काही नाही. दार काढून नेले आणि त्या जागी भिंत लिंपली, एवढेच झाले आहे.

खड्डा जेथे पडला तेथेच थांबत नाही हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या वरच्या कडेला उतार एकदम तीव्र होतो. पुराचे पाणी तेथे जोराने कोसळते, कड कोरते, आणि ही कोर पूर-दर-पूर ओढ्याच्या वरच्या अंगाला सरकत जाते. तिला मिळणारे लहान नालेही मग खोल चिरत जातात. खालच्या अंगाला उलटा प्रकार होतो. वरून येणारी वाळू खड्ड्यात अडकते आणि पुढचे पाणी रिकाम्या हाताने जाते. जलविज्ञानात अशा पाण्याला भुकेले पाणी म्हणतात. भार नसलेले पाणी तो भार काठच्या जमिनीतून उचलते. बांध ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात, पाणीपुरवठ्याच्या विहिरींची कडी लटकू लागतात. एका गटासमोर वाळू काढली आणि नुकसान मैलभर वरच्या आणि मैलभर खालच्या गटाचे झाले, तर कोणत्या पंचनाम्यात ते लिहिले जाणार? लिलाव घाटाचा होतो, नुकसान नदीचे होते.

६०० रुपयांचा ब्रास

अर्थशास्त्राच्या साध्या भाषेत हा व्यवहार मांडून पाहू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. वरील १६ टक्क्यांच्या हिशेबाने एका ब्रास वाळूत सुमारे ४५० लिटर उपयोगी पाणी राहते. आता एक साधारण ओढा घ्यावा : एक किलोमीटर लांबी, २० मीटर रुंदी आणि दीड मीटर जाडीची वाळू. एकूण ३० हजार घनमीटर, म्हणजे सुमारे १०,६०० ब्रास. २०२३ च्या वाळू धोरणात सरकारने ग्राहकाला ६०० रुपये ब्रास या भावाने वाळू देण्याचे जाहीर केले होते. तोच भाव धरला तर या किलोमीटरची सरकारी किंमत ६३ लाख ६० हजार रुपये होते. ती एकदाच मिळते.

त्याच वाळूत ४,८०० घनमीटर, म्हणजे ४८ लाख लिटर पाणी मावते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज ५५ लिटर हा शासनाचाच मापदंड आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर लागतात. म्हणजे त्या एका किलोमीटरच्या वाळूत गावाचे सुमारे ४३ दिवसांचे पाणी आहे. दहा हजार लिटरच्या टँकरने ते आणायचे ठरवले तर ४८० खेपा होतात. आणि त्या एका वर्षाच्या नव्हेत, दरवर्षीच्या. सारेच पाणी विहिरीत येत नाही, काही वाहून जाते, काही झाडे पितात, हा आक्षेप रास्त आहे. पण वाळू केवळ साठवत नाही, काठाच्या जमिनीत पाणी शिरण्याचे द्वारही तीच आहे. ते काम या हिशेबात धरलेलेच नाही. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा दाखवायला पुरेसे आहेत. तिजोरीत एकदा ६३ लाख जमा होतात आणि गावाच्या डोक्यावर कायमचा टँकर बसतो. शासनाच्या जमाखर्चात पहिली रक्कम महसूल म्हणून येते आणि दुसरी टंचाई निवारण म्हणून, वेगळ्या शीर्षाखाली, वेगळ्या कार्यालयात. दोन वह्या शेजारी ठेवून पाहण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

ज्या घरमालकाने घराचे वासे विकून घरखर्च भागवला त्याला कोणी उत्पन्नदार म्हणत नाही. भांडवल विकून आलेल्या पैशाला उत्पन्न समजणे ही हिशेबातील पहिल्या इयत्तेची चूक होय, आणि वाळूच्या बाबतीत राज्यसंस्था ती दरवर्षी समारंभपूर्वक करते. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला तेव्हा सिंचन, रस्ते, वीज यांच्या अनुशेषाचे आकडे महाराष्ट्रापुढे आले. मराठवाड्याने तो अनुशेष मागत चार दशके घालवली. परंतु ओढ्यांतून दरसाल बाहेर जाणारी ही संपत्ती कोणत्याच अनुशेषाच्या तक्त्यात नाही. एकीकडे पाण्यासाठी निधी मागायचा आणि दुसरीकडे पाण्याची टाकी ब्रासाने विकायची, याला आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते असेच म्हणावे लागेल.

कायद्याचे कागद

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने साधी वाळू गौण खनिज ठरवली आणि तिचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने नदीनाल्यांचे तळ शासनाच्या मालकीचे मानले. ‘गौण’ हा शब्दच बोलका आहे. सोने, लोखंड, कोळसा ही प्रधान. ज्यावर गावाचे पाणी उभे आहे ते गौण. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तोच आग्रह देशभर धरला. २०१६ आणि २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या : जिल्हा सर्वेक्षण अहवाल करा, पावसाळ्यात उपसा नको, काठापासून अंतर राखा, तीन मीटरपेक्षा किंवा पाण्याच्या पातळीपेक्षा खोल जाऊ नका, किती वाळू पुन्हा भरून येते ते मोजा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात स्पष्ट केले की पुनर्भरणाचा अभ्यास नसलेला सर्वेक्षण अहवाल ग्राह्य धरता येणार नाही. म्हणजे वाळू किती येते हे न मोजता किती काढायची ते ठरवले जात होते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला २०२५ मध्ये सांगावे लागले.

पण या सूचनांचा साचा मोठ्या गाळाच्या नद्यांवरून घेतलेला आहे. ज्या ओढ्यात मुळात दीड मीटर वाळू आहे त्याला तीन मीटरची मर्यादा घालणे म्हणजे भाकरीच्या टोपलीवर पोत्याचे कुलूप लावण्यासारखे आहे. नियम पाळूनही तो ओढा खडकापर्यंत खरवडता येतो, आणि कागदावर सारे वैध राहते. म्हणूनच वैध-अवैध हा वाद अपुरा आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर खोदण्यावर महाराष्ट्राने १९९३ मध्ये कायद्याने निर्बंध घातला, आणि ते योग्यच झाले. विहीर पाणी घेते. वाळूचा उपसा पाणी राहण्याची जागाच घेतो. शेतकऱ्याच्या कुदळीवर जेवढी करडी नजर, तेवढी ठेकेदाराच्या पोकलेनवर का नसावी?

२०१४ नंतर जलयुक्त शिवाराच्या नावाखाली नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण जोराने झाले. गाळ काढणे वेगळे आणि तळ खरवडणे वेगळे. जेथे यंत्राने वाळूचा थर उचलून खडक उघडा केला, तेथे पाणी साठवण्याच्या कार्यक्रमाने पाणी साठवणारा थर काढून टाकला. यंत्राला तास मोजून पैसे मिळतात, म्हणून यंत्र थांबत नाही. समाजवाद्यांनी अशा कामांकडे केवळ ते पाण्याच्या नावाने होते म्हणून डोळेझाक करू नये.

कमावणारे आणि गमावणारे

राज्याचे वाळू धोरण २०१९, २०२२, २०२३ आणि पुन्हा २०२५ मध्ये बदलले. कधी ठेकेदाराचा लिलाव, कधी सरकारी डेपो, पुन्हा लिलाव. इतक्या वेळा कूस बदलूनही झोप का लागत नाही याचे कारण व्यवस्थापनात नाही, हितसंबंधांत आहे. सरकारी दर काही शे रुपये आणि बाजारभाव काही हजार रुपये, या दोहोंतील अंतर हा कोणाच्याही श्रमाचा मोबदला नव्हे. तो दुर्मीळ वस्तूवरील निव्वळ खंड आहे. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते वाळूला तंतोतंत लागू पडते. जमीनदार जसा न पेरता कापणी करतो तसा वाळूचा मध्यस्थ करतो. हा खंड वरपासून खालपर्यंत वाटला जातो, आणि त्याच्या वाटपावर तालुक्याच्या राजकारणातील पुढारी पोसले जातात. महसूल कर्मचाऱ्यांच्या अंगावर वाहन घालण्यापर्यंत ज्यांची मजल जाते, त्यांच्या पाठीशी कोणीतरी उभे असल्याखेरीज ही हिंमत येत नाही.

आणि गमावतो कोण? मोठा बागायतदार शेकडो फूट खोल बोअर घेतो, दुसरीकडून पाइपलाइन आणतो. दोन एकरांच्या शेतकऱ्याची वीस हात विहीर प्रथम आटते. त्याची केळी करपते, मग तो कर्ज काढून बोअर घेतो, तो कोरडा निघाला की हंगाम संपताच ऊसतोडीच्या टोळीत किंवा पुण्याच्या बांधकामावर जातो. तेथे तो ज्या वाळूत सिमेंट कालवतो ती कदाचित अशाच एखाद्या ओढ्याची असते. भूमिहीनाला तर विहीरही नाही. त्याच्या घरातील बाईचा हंडा तेवढा लांब जातो. ओढ्याच्या पाण्यावर जगणारी जनावरे विकली जातात. वर्गीय विश्लेषण हा शब्द जुना झाला असे म्हणणाऱ्यांनी एका उन्हाळ्यात कोणाची विहीर कोणत्या महिन्यात आटते त्याची यादी करावी; गावाचा सातबारा तीत उतरलेला दिसेल.

याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले, वाळूमुळे गावातील तरुणांना काम मिळते. ट्रॅक्टर भरणाऱ्या मजुराला काम मिळते हे खरे आणि त्याला गुन्हेगार ठरवून चळवळीने काही साधणार नाही. पण जे काम त्याच्याच गावाची शेतमजुरी संपवते ते काम रोजगार म्हणून टिकणारे नाही. चार वर्षांनी ओढा रिकामा होतो आणि ट्रॅक्टर दुसऱ्या गावी जातो. दुसरे उत्तर घरकुलाचे. गरिबाच्या घराला वाळू नको का? अवश्य हवी. २०२५ च्या धोरणानुसार घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे ठरले. गावात चाळीस घरकुले झाली तरी २०० ब्रास लागतील. वर हिशेब केलेल्या एका किलोमीटरच्या साठ्याचे ते दोन टक्केही नव्हेत. गरिबाचे घर ओढा संपवत नाही. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांसाठी गरिबाच्या घराची ढाल पुढे केली जाते, एवढेच.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरते. पाण्याखालोखाल माणूस सर्वाधिक वापरतो तो हाच पदार्थ. म्हणजे ही भूक केवळ कळमनुरीची नाही, आणि ती नुसत्या नैतिक उपदेशाने शमणार नाही. दगड दळून केलेली कृत्रिम वाळू हा पर्याय आहे. २०२५ च्या धोरणात सरकारी बांधकामांत आरंभी २० टक्के कृत्रिम वाळूची सक्ती आली. सरकार स्वतःच सर्वांत मोठे गिऱ्हाईक असताना हे प्रमाण वीसवर का थांबावे? अर्थात ओढे वाचवण्यासाठी डोंगर पोखरले आणि खडी केंद्राची धूळ शेजारच्या वस्तीवर सोडली तर एका गावाचे दुःख दुसऱ्या गावाला दिल्यासारखे होईल. खाणीच्या जागेविषयीही गावालाच विचारले पाहिजे.

येरळेकाठचा धडा

गावाला वाळू सांभाळता येईल का, अशी शंका घेणाऱ्यांनी सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील इतिहास आठवावा. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून अनेक कामगार या दुष्काळी तालुक्यात परतले होते. मुक्ती संघर्ष चळवळीने, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, येरळा नदी का आटली याचा शोध लोकांबरोबर घेतला, तेव्हा ठेकेदारांचा वाळूउपसा पुढे आला. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी उपशाला विरोध केला. आपल्या नदीतील वाळूवर गावाचा हक्क आहे असे त्यांनी सांगितले, आणि मर्यादित वाळू स्वतः विकून त्या पैशातून व श्रमदानातून, शासनाशी झगडून, बळीराजा स्मृती धरण बांधले. पाण्याचे वाटप जमिनीच्या मालकीवर न ठेवता समन्यायी तत्त्वावर ठेवले. भूमिहीनांचाही वाटा मानला. जी वाळू ठेकेदाराच्या हातात नदीचा नाश करत होती, तीच लोकांच्या हातात पाण्याचे साधन झाली. मालकी आणि नियंत्रण कोणाचे, या प्रश्नाला समाजवादी एवढे महत्त्व का देतात याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. केरळनेही २००१ मध्ये नदीकाठ संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करून घाटांच्या देखरेखीत स्थानिक समित्यांना स्थान दिले.

हिंगोलीत मात्र हक्काची विचित्र वाटणी आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक केली. पैनगंगेच्याच काठच्या किनवट तालुक्यातील अनुसूचित गावांना हा अधिकार आहे. त्याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कळमनुरी तालुक्यात आंध आदिवासींची मोठी वस्ती असूनही तो अनुसूचित क्षेत्रात नाही. येथील गावाचा शब्द शासन निर्णयाच्या मेहेरबानीवर आहे. निर्णय बदलला की शब्दाचे वजन बदलते. पाणी मात्र अनुसूचित आणि अननुसूचित असा भेद करत नाही. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तिचा आशयच हा की गाव हे शासनाचे शेवटचे टोक नसून राज्याचा एक स्वतंत्र खांब आहे. ज्या गावाला स्वतःच्या ओढ्याच्या तळाविषयी नाही म्हणता येत नाही, त्या गावाला स्वराज्य मिळाले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

काय करावे

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी केवळ हायवा अडवण्याच्या आंदोलनात समाधान मानू नये. हायवा अडवला की पोलीस येतात, गुन्हा दाखल होतो, छायाचित्र छापून येते, आणि पुढच्या महिन्यात लिलाव होतो. मागण्या मुळाशी जाणाऱ्या हव्यात. बेसाल्टच्या प्रदेशातील लहान ओढे आणि नाले व्यापारी लिलावातून कायमचे वगळावेत. गावातील घरकुले, शाळा आणि पाणीपुरवठ्याची कामे यांपुरतीच वाळू ग्रामसभेच्या ठरावाने काढता यावी. पेसाने काही गावांना दिलेला अधिकार कायद्याने सर्व ग्रामसभांना मिळावा. मोठ्या नद्यांच्या घाटांवर उपसा ठरवण्यापूर्वी वाळूबरोबर पाण्याची किंमत धरावी आणि पुनर्भरण मोजल्याखेरीज एक ब्रासही देऊ नये. सरकारी बांधकामांत कृत्रिम वाळूचे प्रमाण वेगाने वाढवावे. ज्यांचे ओढे आधीच खरवडले गेले आहेत तेथे रोजगार हमीच्या तत्त्वावर, यंत्राऐवजी माणसांच्या हातांनी, तळ सावरणारे दगडी बांध घालावेत, म्हणजे ट्रॅक्टर भरणाऱ्या मजुराला ओढा भरण्याचे काम मिळेल.

आणि या मागण्यांसाठी शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. डोंगरकड्यासारख्या गावात सेवा दलाचे चार तरुण आणि शाळेतील एक शिक्षक मिळून दरवर्षी दिवाळीनंतर आणि पुन्हा वैशाखात ओढ्याचा तळ ठरावीक ठिकाणी मोजू शकतात. काठाच्या दहा विहिरींची पातळी दोरीला गाठी मारून नोंदवू शकतात. हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहू शकतात. तीन वर्षांच्या अशा नोंदी ग्रामसभेच्या ठरावाला जोडल्या तर कोणत्याही कार्यालयाला त्या सहजी बाजूला सारता येणार नाहीत, आणि न्यायालयात तर त्यांचे मोल मोर्च्याच्या निवेदनाहून जास्त ठरेल. अधिकाऱ्याचा सर्वेक्षण अहवाल जिल्ह्याच्या ठिकाणी टेबलावर तयार होतो असा आरोप करणे सोपे आहे. त्याच्यासमोर गावाचा अहवाल ठेवणे हे खरे राजकारण होय.

वाळू ही गावाची ठेव आहे. तिच्यावर दरवर्षी पाण्याचे व्याज येते, आणि ते व्याज सर्वांत जास्त त्याला लागते ज्याच्याजवळ दुसरी कोणतीच ठेव नाही. ती ठेव मोडण्याचा अधिकार ठेकेदाराला नाही, तसा तो तिजोरीलाही नाही. हा साधा विचार प्रत्येक ग्रामसभेच्या पटावर आणणे, हेच या उन्हाळ्यापूर्वीचे तातडीचे काम आहे.